नवीन आलेल्या कुटुंबाला खोली मिळवून द्यायची आहे. मदत कुठवर करावी?

धायरीकर_मीनू

नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय.

आमच्या सोसायटीच्या वॉचमनचा धाकटा भाऊ दिवाळीनंतर बायको आणि दोन मुलींना घेऊन नांदेड जिल्ह्यातल्या मुखेडकडून पुण्याला आला. सोयाबीन पावसात गेलं, वर हातउसनं, नेहमीची कथा. तो सेंट्रिंगच्या कामावर जातो, तिने आमच्या विंगेत तीन घरची भांडी धरली आहेत. राहतात पार्किंगमधल्या वॉचमनच्या खोलीत. म्हणजे ८ बाय १० मध्ये एकूण सात जण. गेल्या आठवड्यात कमिटीने बोर्डावर नोटीस लावली : 'वॉचमनचे नातेवाईक १५ दिवसांत हलवावेत.' जिन्याखालच्या जुन्या सोफ्याबद्दल गेल्या वर्षी अगदी हीच भाषा होती.

दोन रविवार त्यांच्याबरोबर खोल्या बघत फिरले. नऱ्हे, धायरी, वडगाव. पत्र्याची खोली, मोरी आत, संडास सामायिक, भाडं साडेचार ते साडेपाच हजार. भाडं त्यांना जमतंय, घोडं अडतंय डिपॉझिटवर. ३० हजार सांगतात, आणि तेही रोख.

मी भरू शकते. नवरा म्हणतो, 'भर आणि विसरून जा.' पण मला ते नकोय. ती बाई आत्ताच माझ्यासमोर खुर्चीत बसत नाही, कठड्याला टेकून उभी राहते. ३० हजार दिले तर जन्मभर मिंधी होईल आणि मलाही नको तेवढं मोठेपण येईल. दुसरीकडे नोटिशीचे नऊ दिवस उरलेत. कोणी असं काही केलंय का? काय केलंत?

बाणेरचा_बंड्या

नांदेडहून निघून इथल्या नांदेड फाट्याला पोचले म्हणा की :)

कागदोपत्री

माझा धंदाच भाडेकराराचा आहे, म्हणून चार गोष्टी सांगतो.

पैसे कोणीही भरा, करार नोंदवलेलाच करा. 'एवढ्याशा खोलीला कशाला ॲग्रीमेंट' असं मालक म्हणतो आणि भाडेकरूही मान डोलावतो. मग सहा महिन्यांनी 'डिपॉझिट कसलं? मला कोणी काही दिलं नव्हतं.' महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ५५ : करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि तो नोंदवून घेण्याची जबाबदारी मालकाची. नोंदवला नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५ हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आणखी गंमत म्हणजे नोंदणीकृत करार नसेल तर अटींबाबत भाडेकरू सांगेल ते खरं धरतात, उलट सिद्ध करायचं ते मालकाने. हे एक वाक्य मी मालकांना सांगतो, तेव्हा बहुतेक जण चष्मा काढून पुसायला लागतात.

खर्च फार नाही. मुद्रांक शुल्क एकूण भाड्यावर पाव टक्का, त्यात डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के व्याज धरून मिळवायचं. पाच हजारांच्या खोलीला अकरा महिन्यांचे मिळून शे-दोनशे रुपये होतात. नोंदणी फी महापालिका हद्दीत १ हजार. नऱ्हे २०२१ पासून पालिकेत आहे, त्यामुळे ग्रामीणचा ५०० चा दर तिथे लागत नाही. वर आमच्यासारख्याची फी. मीनूताई, तुमच्याकडून घेणार नाही, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

एक इशारा. भावनेच्या भरात करार स्वतःच्या नावावर करू नका. राहणार ते आणि सही तुमची, असं झालं की पोलीस पडताळणीपासून सगळीकडे तुम्हीच उभ्या.

पोळलेला

मी केलंय. चार वर्षांपूर्वी आमच्या ड्रायव्हरच्या साडूला २० हजार दिले. सहा महिने छान चाललं. एकदा रविवारी गेलो तर खोलीला कुलूप. 'गावी गेले' एवढंच शेजारीण म्हणाली. डिपॉझिट मालकाकडून त्यानेच परत घेतलं होतं. पैसे गेल्याचं दुःख ओसरलं. पण ड्रायव्हर महिनाभर माझ्याकडे आरशात बघायचा नाही, ते जास्त लागलं. शेवटी तोही नोकरी सोडून गेला. एका मदतीत दोन माणसं तुटली. तेव्हा जपून.

मांजराकाठचा

पोळलेला यांचं समजू शकतो. पण मी त्या कुलूपबंद खोलीच्या आतला माणूस आहे, म्हणून लिहितो.

२००४ ला केज तालुक्यातून आम्ही पाच जण पहाटे स्वारगेटला उतरलो. वडील मार्केट यार्डात पोती उचलायला लागले आणि संध्याकाळी खोल्या बघायचे. पहिला प्रश्न 'गाव कोणतं?', दुसरा 'आडनाव काय?' दुसऱ्याचं उत्तर ऐकलं की खोली कालच गेलेली असायची. 'खोली भाड्याने देणे आहे' ही पाटी मात्र पुढच्या आठवड्यातही तिथेच. अशा अकरा खोल्या झाल्या. आई शेवटी म्हणाली, 'दुसरं आडनाव सांगा की.' वडील म्हणाले, 'मग पत्र कुणाच्या नावानं येईल?'

बारावी खोली अप्पर इंदिरानगरात मिळाली, ती एका फोनवर. ज्या गाळ्यावर वडील काम करायचे तिथल्या अडत्याने मालकाला फोन लावला : 'माणूस माझा आहे. भाडं थकलं तर माझ्याकडे ये.' एक पैसा दिला नाही त्याने. नुसता शब्द. भाडं एकदाही थकलं नाही, कारण थकलं असतं तर अडत्याचं नाक कापलं गेलं असतं, आणि मग वडिलांचं कामही.

मीनूताई, नव्या माणसाकडे पैसे नसतात हे खरं, पण त्याहून जास्त नसते ती ओळख. इथे त्याला ओळखणारं कोणीच नसतं. ते तुम्ही देऊ शकता, आणि त्याने कोणी मिंधं होत नाही.

अवांतर : पहिले दोन महिने आमच्या घरात चूल नव्हती. हमाल पंचायतीच्या 'कष्टाची भाकर' मध्ये जेवायचो. १९७४ पासून चालू आहे ते. भाकरी आणि झुणका. आजही तिकडून जाताना पोट भरलेलं असलं तरी थांबतो.

टपरीवरून

'मग पत्र कुणाच्या नावानं येईल' __/\__

स्पष्टवक्ता

सगळे गहिवरलेत, म्हणून थोडं गार पाणी ओततो. सिंहगड रोडला संध्याकाळी गाडी चालवून बघा. धायरी-नऱ्ह्यात निम्मं वर्ष टँकर. आणखी किती माणसं कोंबायची या शहरात? तुम्ही एकाला खोली दिली की तो गावाकडच्या चौघांना बोलावणार. मदत करायचीच तर मुखेडमध्ये करा. कमिटीचं काही चुकलं नाही, पार्किंग हे राहायची जागा नव्हे.

बाणेरचा_बंड्या

@स्पष्टवक्ता, आपण मूळचे कुठले?

स्पष्टवक्ता

संबंध काय? सांगलीचे. पण १९८८ पासून इथे आहोत.

बाणेरचा_बंड्या

अच्छा, म्हणजे ८८ ला दार बंद झालं. आम्ही ९१ चे, खिडकीतून आलो बहुतेक.

शनिवारातले_अप्पा

बंडोपंत, हसवलंत. पण दार कधी बंद झालं याचा हिशेब माझ्याकडे जरा जुना आहे.

१२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासला. मी नऊ वर्षांचा. शनिवार पेठेतला आमचा वाडा दुपारपर्यंत खचला. आम्ही अस्सल पुणेकर, सात पिढ्यांचे, आणि एका दिवसात बिनघराचे. आधी शाळेत मुक्काम, मग निसेन हट. पत्र्याचं अर्धं पिंप जमिनीवर पालथं घातल्यासारखं घर. उन्हाळ्यात आई भिंतीला पाठ लावू द्यायची नाही, चटका बसायचा. पुढे गोखलेनगरला आलो ते आजवर. आयडीत शनिवार आहे, तो हट्टाने ठेवलाय.

सांगायचा मुद्दा वेगळाच आहे. घर मिळाल्यावरसुद्धा किती तरी वर्षं आम्ही 'पूरग्रस्त' होतो. वर्गात मास्तर म्हणायचे, 'पूरग्रस्त मुलांनी इकडे रांग करा, वह्या मिळतील.' वह्या हव्या होत्या, रांग नको होती. वडिलांनी दुसऱ्या वर्षी निरोप पाठवला, आमच्या मुलाला वह्या नकोत. घरात चणचण होती तरी. तेव्हा रडलो. आज मीनूताईंचा 'मिंधी' शब्द वाचला आणि ती रांग आठवली.

स्पष्टवक्ता

अप्पा, तुमच्याशी वाद नाही. पण टँकरचा मुद्दा उरतोच.

शनिवारातले_अप्पा

उरतो. मान्य.

प्रशासक

कोण कुठून आलं यावर स्वतंत्र धागे भरपूर आहेत. इथे खोलीबद्दल बोलूया.

म्युनिकची_माहेरवाशीण

मूळची कोथरूडची, सहा वर्षं म्युनिकमध्ये. इथे आले तेव्हा अगदी असंच. घर भाड्याने घ्यायचं तर पगाराच्या चिठ्ठ्या आणि पत दाखला दाखवा. नव्या माणसाची पत येणार कुठून? राहायला गेल्यावर दोन आठवड्यांत पालिकेत पत्ता नोंदवायचा, त्यासाठी घरमालकाची सही असलेला कागद. पत्त्याची नोंद नाही तर पुढची सगळी कामं अडतात. मी पहिले अडीच महिने एका ओळखीच्या मराठी कुटुंबाच्या हॉलमध्ये गादी टाकून काढले. आयटीवाली असून! त्या काकूंनी माझ्यासाठी एका म्हाताऱ्या मालकिणीकडे शब्द टाकला तेव्हा घर मिळालं. म्हणजे मांजराकाठचा म्हणतात तेच, फक्त अडत्याच्या जागी काकू.

पण एक गोष्ट इथली चांगली. डिपॉझिट तीन महिन्यांच्या मूळ भाड्यापेक्षा जास्त मागता येत नाही, आणि भाडेकरू ते तीन समान मासिक हप्त्यांत भरू शकतो. मालकाने उपकार म्हणून नव्हे, कायद्यातच आहे. तुमच्या मालकाला हप्ते विचारून बघितलेत का?

कागदोपत्री

चांगला मुद्दा. केंद्राच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरू कायद्यात राहत्या घराला जास्तीत जास्त दोन महिन्यांचं भाडं अनामत, असं आहे. पण तो नमुना आहे, राज्याने स्वीकारला तर लागू. आपल्याकडे १९९९ चाच कायदा चालतो, त्यामुळे मालक मागेल ती रक्कम. हप्ते मात्र दोघांच्या संमतीने करारात खुशाल लिहिता येतात. मी लिहून देतो.

भिशीसम्राज्ञी

अगं मीनू, भिशी!!

आमच्या इथल्या कामवाल्या बायकांची भिशी आहे, १२ जणी, महिना हजार. पहिला नंबर त्या बाईला द्यायचा. १२ हजार एकरकमी हातात, मग दर महिन्याला हजार भरत राहायची. पैसे तिचेच, फक्त आधी मिळाले. ना उपकार ना व्याज. बघ तुमच्याकडे असेलच कोणाची तरी.

पोळलेला

आणि बाई पहिला नंबर उचलून गावी गेली तर बाकीच्या अकरा जणींनी काय करायचं? माफ करा, पण अनुभव बोलतोय.

भिशीसम्राज्ञी

म्हणून मध्ये ओळखीचं माणूस लागतं. मीनूने स्वतः शेवटचा नंबर घ्यायचा आणि सांगायचं, ती बुडाली तर मी भरेन. मग अकरा जणी तयार होतात की नाही बघ.

खडू_फळा

मुलींचं कोणीच विचारलं नाही. वय काय? शाळेत जातात का?

धायरीकर_मीनू

थोरली नऊ, धाकटी सहा. थोरली तिकडे चौथीत होती. इथल्या एका शाळेत गेलो तर 'दाखला आणा, मग बघू' म्हणाले. दाखला गावी, आणायला जायचं म्हणजे दोन दिवसांचा खाडा आणि गाडीभाडं. सध्या थोरली धाकटीला सांभाळते.

खडू_फळा

हेच ऐकू येणार वाटलं होतं. मी पालिकेच्या शाळेत शिकवते. शिक्षण हक्क कायदा २००९ नुसार दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, किंवा जन्मदाखला नाही म्हणूनही नाही. वयानुसार वर्गात बसवायचं, मागे असेल तर जादा शिकवायचं. मुख्याध्यापकांना तोंडी सांगू नका, साधा लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. 'पोच द्या' म्हटलं की आवाज बदलतो. दाखला शाळा शाळेकडून मागवते, आईबापांनी गाडी पकडायची गरज नसते. आणि उद्याच जा. थोरली धाकटीला सांभाळायची एकदा सवय झाली की चार महिन्यांनी तिला शाळेत आणणं दसपट अवघड होतं, हे मी दरवर्षी बघते. बांधकामांवरच्या मुलांसाठी डोअर स्टेप स्कूलची माणसं पुण्यात कित्येक वर्षं काम करतात, जवळपास कुठे असतील तर विचारा.

टपरीवरून

रेशनचं बघा. गावचं कार्ड असलं तरी इथल्या कुठल्याही दुकानात धान्य मिळतं, 'एक देश एक रेशन कार्ड'. अंगठा लावायचा. कार्डावरच्या माणशी ५ किलो, आणि २०२३ पासून फुकट. बऱ्याच जणांना वाटतं त्यासाठी कार्ड बदलावं लागतं. नाही.

गॅससाठी ५ किलोचा छोटा सिलिंडर ओळखपत्रावर मिळतो, पत्त्याचा पुरावा लागत नाही. काळ्या बाजारात भरून घेऊ नका, पत्र्याच्या खोलीत तर मुळीच नाही.

मांजराकाठचा

आणि तो सेंट्रिंगवर आहे ना? बांधकाम कामगार मंडळात नोंदणी करून टाका. गेल्या वर्षभरात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो, ठेकेदाराचा चालतो. पहिली ते सातवीच्या मुलांना वर्षाला अडीच हजार मिळतात. आत्ता ९० दिवस भरले नसतील, पण हजेरीची वही आतापासून जपायला सांगा. ठेकेदार नंतर ओळख देत नाही.

अनामिक_१७

मी फक्त भांड्यांच्या संचासाठी वाचतोय. मंडळाकडून मिळतो म्हणे. आमच्या बाईकडचा कुकर आमच्यापेक्षा चांगला आहे.

स्पष्टवक्ता

@मीनू, मी आमच्या सोसायटीत सेक्रेटरी आहे म्हणून सांगतो. कमिटीला भांडायला जाऊ नका. लेखी द्या की खोली बघणं चालू आहे, अमुक तारखेपर्यंत हलतील. तारीख लिहिलेला कागद समोर आला की कमिटी थांबते. महिनाभर सहज मिळेल.

(हो, मीच सांगतोय. पार्किंगमधून हलायला मदतच करतोय.)

बाणेरचा_बंड्या

दार किलकिलं झालं.

धायरीकर_मीनू

मंडळी, तीन आठवड्यांनी येतेय, उशिराबद्दल क्षमस्व. सगळं सांगते.

स्पष्टवक्तांचा कागद लागू पडला. कमिटीने २८ तारखेपर्यंत मुदत दिली.

भिशी : आमच्या विंगेतल्या बायकांची नवी सुरू व्हायचीच होती, बरोबर १२ जणींची, हजाराची. पहिला नंबर नव्या बाईला म्हटल्यावर दोघी उठूनच गेल्या. 'काल आली आन् पयला नंबर?' मी शेवटचा नंबर घेतला आणि जबाबदारी घेते म्हटलं. तरी त्यातल्या सगळ्यात जुन्या मावशींनी मला नाही, तिलाच विचारलं, 'तुझ्या मायचं गाव कोणतं?' मग दहा मिनिटं कुठल्या कुठल्या गावांची, नात्यांची नावं निघाली. मावशींच्या नणंदेची जाऊ तिच्या मामाच्या गावची निघाली आणि विषय संपला. माझी जबाबदारी कोणी विचारातही घेतली नाही. जरा अपमानच वाटला खरं सांगायचं तर.

खोली नऱ्ह्यात. मालकीणबाई विधवा, सहा खोल्यांची चाळ, हिशेबाला पक्क्या. ३० वरून २० वर आल्या, त्यात १२ रोख आणि उरलेले चार-चार हजार दोन महिन्यांत. 'हप्ता चुकला तर कोणाला धरू?' म्हणाल्या. मी माझा नंबर दिला आणि म्हटलं, भांडी घासायला ती रोज माझ्याकडेच असते. त्या म्हणाल्या, 'मग तुम्ही तिचा पगार वेळेवर देत जा, म्हणजे मला फोन करायला नको.' ऐकून घेतलं.

आता अंगठ्याची गोष्ट. कागदोपत्री यांनी घरी येऊन करार केला (खरंच फी घेतली नाही, धन्यवाद). लॅपटॉप, कॅमेरा, अंगठ्याचं यंत्र स्टुलावर. मालकीणबाईंचा ठसा पहिल्या फटक्यात. त्याचा येईना. उजवा अंगठा, डावा अंगठा, तर्जनी. यंत्र आपलं लाल दिवा. सिमेंटने बोटं पार गुळगुळीत, मध्ये चिरा. तो प्रत्येक वेळी विजारीला बोट पुसायचा आणि पुन्हा ठेवायचा, आणि दर वेळी चेहरा आणखी उतरायचा, जणू चोरी पकडली जातेय. बायकोने शेवटी त्याचा हात धरला, स्वतःच्या केसांवरून त्याची बोटं फिरवली, तेल लागलेले केस, आणि म्हणाली, 'आता ठिवा.' डाव्या हाताची करंगळीशेजारची अनामिका. हिरवा दिवा. रेशन दुकानात पुन्हा हाच तमाशा झाला, पण आता त्यांना बोट माहीत आहे, थेट अनामिकाच पुढे करतो.

थोरलीला शाळेत घेतलं, लेखी अर्ज आणि पोच, अक्षरशः खडू_फळांनी लिहिलं तसं. धाकटी पहिलीत. बाई म्हणाल्या, ती वर्गात बोलत नाही. बघू.

बायको अजून खुर्चीत बसत नाही. माझ्या घरी. परवा मी त्यांच्या खोलीवर गेले होते तर तिथे एकच प्लास्टिकची खुर्ची होती, तिच्यात ती बसलेली, मांडीवर तांदूळ निवडायची परात. मला म्हणाली, 'बसा की ताई खाली, सतरंजी टाकलीय.' उठली नाही. मी बसले.

शनिवारातले_अप्पा

वा.

पोळलेला

छान झालं. दोन हप्ते भरेपर्यंत मी हो म्हणणार नाही, पण छान झालं.

भिशीसम्राज्ञी

शेवटचा नंबर घेतलास ना, मग वर्षाने १२ हजारांचं काय करणार ते सांग!

स्पष्टवक्ता

पाण्याचं काय आहे तिथे? टँकर की नळ?

धायरीकर_मीनू

नळ. पहाटे साडेचारला, पाऊण तास. @स्पष्टवक्ता, अजून उरतोच तो मुद्दा.

अनामिक_१७

मीनूताई, त्या मालकीणबाईंकडे आणखी एखादी खोली रिकामी आहे का? आमच्या कुकरवाल्या बाईचा भाऊ आलाय जालन्याहून. पाच जण आहेत. मी शब्द टाकतो.

धायरीकर_मीनू

शेवटची, संडासाजवळची आहे. व्यनि केलाय. आधी अंगठा लागतो का बघून घ्या.